अप्पांनी पुसलेली पावडर

गाडीखालच्या फरशीवर काळे डाग दिसू लागले तेव्हा अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जवळजवळ आनंदच झाला. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात ते निवृत्तीपर्यंत इंजिनं तपासत. घरी बसल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आमची टर्बो डिझेल गाडी जुनी झाली होती, पण तिच्याबद्दल वाईट बोललेलं त्यांना खपत नसे.

मेकॅनिक खालून बघून म्हणाला, चेंबरचं गॅस्केट गेलंय. इंजिनच्या तळाशी तेल साठतं ते हे चेंबर, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यातली पट्टी. अप्पांना पटेना.

"तेल दिसतं खाली, गळतं वरून," ते मला म्हणाले. "आपण पाहू."

रविवारी सकाळी आम्ही दोघं वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीखाली कामाला लागलो. डिझेलमध्ये ब्रश बुडवून इंजिन धुतलं, कोरडं केलं. मग अम्माच्या, म्हणजे माझ्या आईच्या, डब्यातली टाल्कम पावडर अप्पांनी सगळीकडे भुरभुरवली. गाडी पळवून आणली की तेल जिथून निघेल तिथून पांढऱ्यावर काळा ओघळ उतरेल, असा बेत. मी चालवत होते. पेरुंगुडीकडचा माझ्या ऑफिसचा रस्ता सुट्टीमुळे मोकळा होता.

"अत्ता दाब. टर्बोला श्वास घेऊं दे," इंजिनात हवा कोंबणाऱ्या त्या पंख्याबद्दल अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. किती तरी महिन्यांनी मी त्यांना इतकं खूश पाहत होते.

परत आल्यावर बॉनेट उघडून मी टॉर्च आणायला वर गेले. खाली येते तर अप्पा फडक्याने इंजिन पुसत होते. पावडर, ओघळ, सगळंच.

"अप्पा, काय करताय?"

"साफ करतों. स्वच्छ केल्यावांचून गळती कशी दिसेल? मग पावडर मारूं, एक फेरी मारून येऊं."

"आत्ताच जाऊन आलो ना आपण?"

त्यांनी तळहात इंजिनजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"गरम अहे," ते हळूच म्हणाले. "जाऊन आलों काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी फडक्याची नीट घडी घातली, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मी वर गेले. अम्मा अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा निवडत होती. मी काय झालं ते सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"तुला अज कळलं," ती म्हणाली. "मागे कोथिंबीर आणायला गेले, ते मांबलम स्टेशनावर जाऊन बसले. घर सापडेना म्हणून. मीच शोधून आणलं. तुला सांगूं नको म्हणाले."

मग तीच शेंगा टाकून उठली आणि पावडरीचा डबा माझ्या हातात दिला. "जा. अर्धं काम ठेवलेलं त्यांना अवडत नाही."

इंजिन निवल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या खेपेला मी त्यांच्याजवळून हलले नाही. परत आल्यावर ओघळ आधी त्यांनाच दिसला. टर्बोतून तेल खाली परत नेणाऱ्या नळीच्या सांध्यातून तो निघाला होता आणि मागच्या बाजूने थेट चेंबरच्या कडेपर्यंत पोचला होता.

"तिथं पाहा," ते म्हणाले. आवाज अगदी कारखान्यातला. मला रडू आलं, म्हणून मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

सांध्याचं गॅस्केट बदललं आणि गळती थांबली. अप्पांच्या तपासण्या मात्र त्यानंतर सुरू झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा बरा होत नाही, फार तर सावकाश वाढतो, हेही सांगितलं. घरी येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा अप्पा म्हणाले, "अम्माला गाडी शिकव."

"या वयात?"

"तूं ऑफिसात असशील. मला शोधायला ती चालत किती फिरेल?"

आता दर रविवारी मी अम्माला शिकवते. तिचा क्लच अजून झटक्याने सुटतो आणि गाडी मध्येच बंद पडते. अप्पा मागच्या सीटवर बसतात, खिडकीबाहेर बघत. तिला ते काही म्हणजे काही सांगत नाहीत.