हिमनदी तिची, चंद्र माझा

अलास्काला जायचं हे आमच्या घरात मुलीने ठरवलं. मृणाल सिएटलला नोकरीला असते. आमच्या लग्नाला तीस वर्षं होताहेत म्हटल्यावर तिने फोनवर जाहीर करून टाकलं की या खेपेला आई-बाबा येणार आणि माझ्या स्वयंपाकघरातले डबे घासून परत जाणार, हे चालायचं नाही. दोघांनी आठवडाभर फिरून यायचं. आधी काचेच्या छताची रेल्वे, मग जहाज. तिकिटं तिची, नियोजन माझं. मी आयुष्यभर नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक लावलं आहे, त्यामुळे नियोजन हा शब्द ऐकला की माझी छाती आपोआप फुगते.

तुमच्यापैकी कोणी जायच्या विचारात असेल तर ऐका. सप्टेंबर धरावा. तिथला हंगाम संपत आलेला असतो, दर उतरलेले असतात आणि झाडांना रंग चढलेला असतो. पाऊस मात्र असतो आणि तो आपल्यासारखा पडून मोकळा होत नाही, दिवसभर रेंगाळतो. आमचं जहाज व्हँकूव्हरला संपणार होतं, म्हणून अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही लागला. तो आधीच काढून ठेवा. जहाजावर खिडकीची खोली महाग असते आणि आतली स्वस्त. मी हुशारी करून आतली घेतली. दिवा घालवला की माळ्यावर ट्रंकांमध्ये झोपल्यासारखं वाटतं.

गौरी-गणपती उरकून निघालो. पितृपक्षात कोण फिरायला जातं, असं शेजारच्या पाटीलवहिनींनी विचारलंच. मी त्यांना विमानभाड्यातला फरक सांगितला. निघायच्या आधी मी बॅगा चार वेळा तोलल्या, थर्मलचे कपडे घालून पंख्याखाली बसून पाहिलं, प्रत्येक बंदरावर सूर्य कधी उगवतो तेसुद्धा पाठ केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे तेवढं बघायचं राहिलं.

अँकरेजहून सकाळी गाडी सुटली. गाडी फार हळू चालते आणि त्याचेच पैसे आहेत. दोन्ही बाजूंना पिवळी धमक झाडी, खाली लालसर झुडपं आणि मधूनच राखाडी पाण्याची रुंद नदी, जिच्या काठाला माणूस म्हणून नाही. आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी इतकी मोकळी जागा बघायची तर कर्फ्यू लागावा लागेल. डब्यातली मार्गदर्शक मुलगी डावीकडे मूस म्हणाली की सगळे डावीकडे धावायचे. मूस म्हणजे म्हशीच्या आकाराचं हरीण. मी दर वेळी उजवीकडच्या खिडकीशी अडकलेला असायचो. काचेतून काढलेल्या माझ्या यच्चयावत फोटोंत निसर्गाच्या मधोमध माझं टक्कल चमकतं आहे. मृणालने ते सगळे वेगळे काढून घरच्या ग्रुपवर टाकले आहेत.

सुनंदा, म्हणजे आमची सौ., फोटो काढत नाही. ती खिडकीला कपाळ टेकून बघत बसते. जेवणाच्या डब्यातलं दोन माणसांचं सूप आणि पाव, नाशिकला चौघं पोटभर जेवतील एवढ्या पैशात खाऊन आम्ही परत जागेवर आलो, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की जहाज ज्या दिवशी हिमनदीपाशी जाणार, त्या दिवशी संकष्टी आहे.

हे नव्या वाचकांना सांगायला हवं. खूप वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. महिनाभर अंथरुणात होतो आणि एक आठवडा तर डॉक्टरही नीट बोलत नव्हते. तेव्हापासून सुनंदा संकष्टी करते. दिवसभर उपास, संध्याकाळी चंद्र बघून मगच जेवण. पावसाळ्यात चंद्र दिसला नाही तर ती कॅलेंडरमधली नाशिकची वेळ धरते. एकही चुकलेली नाही, स्वतःला ताप असतानासुद्धा नाही. म्हणजे उपास तिचा आणि तब्येत माझी, अशी आमची वाटणी आहे. आणि तिला मी नेऊन बसवणार होतो कुठे, तर दिवसभर फुकट खायला मिळतं अशा जहाजावर.

"तुला कधी कळलं हे?" मी विचारलं.

"तुम्ही तारखा सांगितल्यात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नियोजन करत होतात," ती म्हणाली आणि परत खिडकीला कपाळ टेकलं.

मला शरमल्यासारखं झालं. त्या भरात मी म्हणून गेलो की या वेळी मीही तुझ्याबरोबर करतो. ती माझ्याकडे बघून हसली. तीस वर्षांत मी एकादशीलाही दुपारनंतर तग धरलेला नाही, हे तिला माहीत होतं. पण तिला बरं वाटलं होतं, ते दिसत होतं.

दोन दिवसांनी जहाजावर चढलो. जहाज म्हणजे आमच्या इंदिरानगरातल्या दहा सोसायट्या एकावर एक ठेवून तरंगत्या सोडल्या आहेत. वरच्या मजल्यावर जेवणाचा जो दरबार भरतो, तिथे मी पहिल्या दिवशी मृणालचे पैसे वसूल करण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न केला, की रात्री सुनंदाला माझ्यासाठी ओवा शोधावा लागला. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये. डाळ-भात रोज असतो आणि चव बेताची असली तरी गरम असतो. इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात, ते आम्ही भरले नाहीत.

संकष्टीच्या सकाळी ढग पाण्यापर्यंत उतरले होते. मी उठल्या उठल्या हिशेब मांडला की नाशिक आपल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे आहे, म्हणजे तिथे आत्ता रात्र आहे, चंद्र उगवलेला आहे आणि कॅलेंडरप्रमाणे उपास सुटलेला आहे. खाली नाश्त्याला चलायला हरकत नाही.

"तुमचं पोट नाशिकला आहे का?" सुनंदाने विचारलं. विषय संपला.

तिने घरून आणलेले शेंगदाणे, माहेरचे निफाडचे बेदाणे आणि राजगिऱ्याचा लाडू एवढ्यावर आम्ही दोघं डेकवर जाऊन उभे राहिलो. वारा असा होता की थर्मल, स्वेटर, जाकीट आणि वर सुनंदाची शाल घेऊनही माझे दात वाजत होते. जहाज हळूहळू आत शिरत होतं आणि पाण्यावर बर्फाचे तुकडे दिसायला लागले होते. मग वळणावर हिमनदी आली. आडवी, निळसर, डोंगराच्या कुशीतून थेट पाण्यात उतरलेली. कडा तुटतो तेव्हा बघायचं असतं, असं स्पीकरवरून सांगत होते. कधी तुटेल ते कोणी सांगू शकत नाही, तासभर थांबा म्हणाले. सुनंदाने माझी बाही धरली आणि म्हणाली, "आपण दोघं इथेच थांबू."

मी थांबलो. अर्धा तास तरी नक्की थांबलो. मग मला बाथरूमला जावं लागलं. ते खरं होतं. परतीच्या वाटेवर जेवणाचा दरबार लागतो, हेही खरं आहे. तिथे तळलेल्या बटाट्याच्या गरम काड्यांचा ढीग होता आणि बटाटा उपासाला चालतो. मी चार घेतल्या. चारांबरोबर टोमॅटोचा सॉस आपसूक आला. सॉसला सोबत म्हणून शेजारचा चीज घातलेला पास्ता दोन चमचे घेतला, मग दोन चमचे हे काही घेणं नव्हे असं वाटून आणखी घेतला. तिसरा घास तोंडात असताना बाहेरून आवाज आला. आभाळात गडगडतं तसा, पण खालून. मागोमाग सगळ्या डेकवरून एकदम हुंकार उठला. मी ताट टाकून पळालो.

पोचलो तेव्हा पाण्यावर मोठी लाट पसरत होती आणि कड्याला ताजी निळी जखम झाली होती. सुनंदाने लाल टोपीतल्या एका परक्या म्हातारीचा दंड दोन्ही हातांनी गच्च धरला होता. ती म्हातारी रडत होती आणि सुनंदाही. माझी चाहूल लागली तशी ती वळली आणि बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्या मिशीवर गेली. तिने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि परत बर्फाकडे तोंड केलं. पुढे आम्ही तासभर उभे होतो, पण हिमनदी मला काही दुसऱ्यांदा तुटून दाखवायला तयार नव्हती.

फार वाईट वाटलं मला. आपण हसतो अशा गोष्टींना, मीही आत्ता हसत लिहितो आहे, पण ती दुपार मला खरोखर नको झाली. अर्धी पृथ्वी ओलांडून बायकोला जे दाखवायला आणलं ते तिने परक्या बाईबरोबर बघितलं, आणि माझ्यासाठी धरलेल्या उपासाच्या दिवशी मी पास्ता खाल्ला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी चौकशीच्या टेबलापाशी जाऊन तिथल्या मुलीला चंद्रोदय विचारला. असा प्रश्न तिला आधी कोणी विचारलेला नसावा. तिने संगणकावर बघून साधारण पावणेनऊ सांगितले आणि ढग असल्यामुळे दिसायचा नाही असं दिलगिरीने जोडलं. मी ते सुनंदाला सांगितलं. ती खोलीत पडून होती, डोकं दुखत होतं. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची असल्याने ती तशीच राहिली होती. इथली वेळ कळली आहे, घरी पावसाळ्यात करतेस तसं कर, असं मी परोपरीने विनवलं.

"घरी मला माहीत असतं की तो ढगामागे कुठे आहे," ती म्हणाली. "इथे मला काहीच ओळखीचं नाही. थोडं थांबते."

मी वर गेलो. डेकवर कुत्रं नव्हतं. जहाज दोन काळ्या डोंगररांगांमधून चाललं होतं. मी कठड्याला धरून पूर्वेकडे बघत उभा राहिलो. मला कोणत्याही देवाशी बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी गणपतीला मनात म्हणालो की दुपारचं माझ्या नावावर ठेव, तिला दाखव. नऊ वाजून गेल्यावर दोन डोंगरांच्या मधला ढग जरा विरला आणि त्यातून तो आला. पिवळा, एका बाजूने झिजलेला, घासून पातळ झालेल्या पितळी वाटीसारखा. पाण्यावरचे बर्फाचे तुकडे एकदम उजळले. मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरलो, तिला उठवलं, शाल गुंडाळली आणि हाताला धरून वर आणलं.

सगळं बुजलेलं होतं. डोंगरही दिसत नव्हते.

आम्ही बराच वेळ उभे राहिलो. ती कुडकुडत होती.

"होता," मी म्हणालो. "त्या तिथे. शप्पथ."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. दुपारीही तिने असंच बघितलं होतं.

"तुम्ही बघितलात ना? मग झालं," ती म्हणाली आणि मी दाखवत होतो त्या काळोखाला हात जोडले.

खोलीत येऊन तिने गौरींच्या वेळचे तळणीचे मोदक डब्यातून काढले, देवाला दाखवले आणि एक माझ्या हातावर ठेवला. तो मी फार हळूहळू खाल्ला. तिला वाटलं मोदक कडक झाला आहे.

पुढची बंदरं छान होती, लाकडी दुकानं, पाऊस, महाग कॉफी. छत्र्या घेऊन जा, वाऱ्यात टिकतील अशा. व्हँकूव्हरहून सिएटल, मग मुंबई, मग कसारा घाटातल्या ट्रकांमागे रांगत नाशिक.

घरी आल्यावर सोसायटीतली मंडळी ऐकायला जमली. हिमनदी कशी तुटली, हे मी हात पसरून, आवाज काढून सांगितलं. आधी केसाएवढी चीर, मग वरचा तुकडा हळूच पुढे झुकला, वगैरे. जहाजावर सुनंदाने मला सांगितलं होतं तसंच्या तसं. ती शेजारी बसून चहा देत होती, एका शब्दाने मध्ये पडली नाही. मग पाटीलवहिनींनी संकष्टीचं विचारलं. सुनंदा म्हणाली, चंद्र इतका सुंदर होता म्हणून सांगू, दोन डोंगरांच्या मधून वर आला, घासलेल्या पितळी वाटीसारखा, आणि खाली सगळा बर्फ उजळला. मी कपात बघत राहिलो.

पुढच्या संकष्टीला मी दिवसभर काही खाल्लं नाही. बटाटाही नाही. रात्री गच्चीवर गेलो तर आभाळ लख्ख होतं आणि पाण्याच्या टाक्यांच्या वर चंद्र सरळ समोर होता. सुनंदा ताम्हन खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझी बाही धरली.

"चला," ती म्हणाली, "हा तरी दोघांनी बघितला."

मग आम्ही जेवायला खाली आलो.