एलिहिओची लोखंडी पेटी

एलिहिओ पोलांकोला आमच्या गल्लीत सगळे इंजिनिअर म्हणतात. मीही म्हणते, पण मी म्हणते तेव्हा माझ्या खुर्चीत बसलेल्या बायका हसतात. हा बाबा वीज कंपनीत तीस वर्षं मीटरचे आकडे टिपत फिरला. दारात उभं राहायचं, चष्मा कपाळावर सारायचा, आकडा वहीत उतरवायचा, की पुढचं दार. एवढ्या भांडवलावर त्याने जन्मभर टेंभा मिरवला. कुणाचा पंखा बंद पडला, कुणाच्या फ्रीजमधून पाणी गळलं, की हा हजर. कमरेवर हात ठेवून सगळं ऐकणार, "हं, लोडचा प्रॉब्लेम आहे," म्हणणार आणि चालता होणार. त्याच्या हातात पकड किंवा स्क्रू-ड्रायव्हर मी बावीस वर्षांत पाहिला नाही.

बावीस वर्षं म्हणजे मी खाली पार्लर काढलं तेव्हापासून. तो वर, मी खाली. बायको गेल्यावर वर उरले तो आणि त्याची मुलगी योकास्ता. पोरगी आईवर गेली, हे तिचं नशीब. रोज दोन तास बसमध्ये उभी राहून हॉटेलात कामाला जायची आणि तिथेच पाहुण्यांशी बोलून बोलून इंग्रजी शिकली. या वर्षी तिला घरबसल्या नोकरी मिळत होती. कानाला हेडफोन लावायचा आणि न्यूयॉर्कच्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकायच्या. अट एवढीच, की शनिवारी सकाळी दहा ते दहा वीस ते लोक तिच्या इंटरनेट लाइनची परीक्षा घेणार. वेग पन्नास एमबीपीएसच्या खाली आला, लाइन तुटली किंवा मागे गोंगाट ऐकू आला, तर नाव कापलं.

म्हणून बापलेकीने घरातली वीसची लाइन काढून तीनशेची घेतली. कंपनीचा माणूस दिवाणखान्यात टीव्हीशेजारी राउटर बसवून गेला. योकास्ताने मोजून पाहिलं, दोनशे नव्वद. धावत खाली आली आणि केसांच्या रंगाने माखलेल्या माझ्या हातांसकट तिने मला मिठी मारली.

मग इंजिनिअरसाहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. आमच्याकडे वीज रोज जाते. ज्याला जमतं तो इन्व्हर्टर घेतो, आणि बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून तो मागच्या गॅलरीत पत्र्याच्या पेटीत कोंडून ठेवतो. एलिहिओच्या पेटीला तर दोन कुलपं. इंटरनेटची तार मागूनच घरात घेतली होती, ती त्याने पुन्हा गॅलरीत ओढली, राउटर इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवला आणि दोन्ही कुलपं लावून टाकली. का, तर वीज गेली तरी चालू राहील, वर चोराचीही भीती नाही. संध्याकाळी घरात वेग आला चार.

आता माणसाने म्हणावं की बाबा, मी हलवला आणि बिघडला. पण हा पडला दीडशहाणा. आधी म्हणाला, योकास्ताचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याला तीनशेचा दाब सोसत नाही. मग मायक्रोवेव्हवर संशय, म्हणून दोन दिवस घरात राजमा-भात थंडच खाल्ला. मग शेजारी चोरतात म्हणून रोज पासवर्ड बदलायचा. शेवटी खाली माझ्याकडे आला.

"मिगेलिना, तुझे हे ड्रायर बंद ठेव पाहू. माझ्या लहरी खातायत."

"ड्रायर केस वाळवतो, इंजिनिअरसाहेब. तुमच्या लहरी खायला त्याला सवड कुठे आहे?"

"तुला नाही कळायचं. टेक्निकल आहे ते."

"बरं."

"नाहीतर मग तुझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी चोरतंय."

"तुमचे ते चार चोरायला इथे कोण टपून बसलंय?"

बायका फिदीफिदी हसल्या. तो गेला. मला त्याचा इतका राग आला होता की पुढच्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर मी रंग सांडला.

गुरुवारी कंपनीचा माणूस तक्रारीवर आला. मी मागच्या जिन्यात टॉवेल वाळत घालत होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याने फोन हातात धरून खोल्या पालथ्या घातल्या आणि विचारलं, राउटर कुठाय? एलिहिओने ऐटीत दोन्ही कुलपं उघडली. त्या माणसाने टोपी काढून डोकं खाजवलं.

"काका, पत्र्याच्या डब्यात कोंडलाय तुम्ही. सिग्नल बाहेर येणार कुठून? टीव्हीजवळ ठेवा पुन्हा. विजेची काळजी असेल तर इन्व्हर्टरवरून एक वायर आत ओढा. तुम्ही तर इंजिनिअर, तुम्हाला पाच मिनिटं लागतील."

एलिहिओचा चेहरा पडला. मग त्याने त्या माणसाला, माझ्या घरात येऊन माझी थट्टा करतोस का, म्हणून हाकलून दिलं.

योकास्ता मागेच उभी होती. "पप्पा, शनिवारपुरता बाहेर ठेवा ना."

"आणि दहा वाजता वीज गेली तर?"

"मग वायर ओढा. नाहीतर कुणाला तरी बोलवा."

"माझ्या घरात परक्याचा हात लागणार नाही. बघतो मी."

शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो बघतच होता. पोरीचे डोळे रडून सुजले. मी तिला म्हटलं, खड्ड्यात गेली ती पेटी, उद्या माझ्याकडे ये. माझी लाइन साठची आहे आणि मागची खोली रिकामी आहे. तिने विचारलं, मावशी, वीज गेली तर? मी म्हटलं, बापासारखी बोलू नकोस, सकाळची वीज कधी जाते का आपल्याकडे?

शनिवार म्हणजे माझा गर्दीचा दिवस. तरी पावणेदहाला मी रेडिओ बंद केला, सगळे ड्रायर बंद केले. सहा बायका डोक्याला रोलर लावून ओल्या केसांनी बसलेल्या, आणि वीस मिनिटं खोकायचंसुद्धा नाही अशी मी त्यांना तंबी दिलेली. योकास्ता मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडत होती. तेवढ्यात एलिहिओ दारात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्या. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला,

"मिगेलिना, वायर ओढणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीचं? आत्ताच्या आत्ता?"

"तुम्हीच ओढा की."

"मला येत नाही गं. कधी केलंच नाही. मी आकडेच लिहिले."

बावीस वर्षं मी याचीच वाट पाहत होते. माझ्याच्याने राहवेना. मी बायकांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत का? इंजिनिअरसाहेबांना एक वायर जोडता येत नाही."

काय हसल्या. खुर्चीतल्या डोन्या फिओरचा रोलर सुटून जमिनीवर पडला. एलिहिओही थोडंसं हसला, आणि किल्ल्या या हातातून त्या हातात घेत राहिला.

योकास्ता मागच्या दारात येऊन उभी होती. ती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी लगेच ओळखली, कारण इतकी वर्षं मी तिच्या बापाकडे तशीच पाहत आले. तिने कॉम्प्युटर काखेत मारला आणि बापाच्या हातातून किल्ल्या घेतल्या.

"चला पप्पा. पेटी उघडू आणि तिथेच बसू. मी केबल थेट राउटरला लावते."

"तिथे खालचा आवाज येतो गं, ड्रायरचा."

"येऊ दे."

दोघं गेली. मागची गॅलरी माझ्या पार्लरच्या बरोबर वर आहे. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग पत्र्याचं दार करकरलं. डोन्या फिओर म्हणाली, "गेली ना ती? लाव मग माझा ड्रायर. बारा वाजता बारशाला पोचायचंय मला."

"गप्प बस," मी म्हटलं. "दहा वीसपर्यंत कुणी काही लावायचं नाही."

दहाच्या ठोक्याला वरून योकास्ताचं इंग्रजी ऐकू येऊ लागलं, स्वच्छ, न अडखळता. आम्ही सात जणी वर बघत ऐकत होतो.

दहा वाजून नऊ मिनिटांनी डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. वीज गेली. मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. माझ्या राउटरचे सगळे दिवे विझले होते. वर योकास्ता बोलतच होती.