बूड नसलेला वाडगा

जपानी आजोबांनी वाडगा उचलून पालथा केला, आणि त्याला बूडच नव्हतं. आरपार दिसत होतं.

आजोबा कुंभार, जपानमधल्या आपल्या गावात बसलेले. आम्ही रायपूरला, शंकर नगरच्या ऑफिसात. सगळ्यांच्या डोळ्यांवर हेडसेट, त्यामुळे एकाच खोलीत बसल्यासारखे. याला शेअर्ड व्हीआर म्हणतात. समोर गिऱ्हाईक शुभांगीताई, त्यांचं भांड्यांचं दुकान. त्यांनी ऑर्डर दिली तर आजोबांची भट्टी पेटणार होती, नाहीतर ते काम बंद करणार होते.

वाडग्याचं थ्रीडी मॉडेल माझं. एरवी आम्ही सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या मशिनींची मॉडेलं करतो. मशीन जमिनीला बोल्ट केलेली, तिच्या खाली कोण बघतं? त्याच सवयीने वाडग्याचं बूड केलं नाही. आजोबांनी बुडाचे फोटो पाठवले होते. मी ते उघडलेसुद्धा नव्हते.

"ये मेरा कटोरा नहीं है," दुभाषी बाईंनी आजोबांचं म्हणणं सांगितलं.

बाजूला बसलेले आमचे बॉस सुनीलभैया पुटपुटले, "वाडगा फिरवणं लॉक करून टाक. नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांग."

"त्यायनं पाह्यलं ना भैया. मले नाही जमत खोटं बोलाले."

"मंग काय करतं आता?"

मी माइक सुरू केला. चूक माझी आहे, हे हिंदीतून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग आजोबांना विनंती केली, की खरा वाडगा फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा. तो व्हिडिओ व्हीआरमधल्या भिंतीवर लावला.

बुडाजवळ मातीच्या रंगाचे तीन डाग होते. ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा पातळ लेप. त्यात वाडगा बुडवताना आजोबांची बोटं जिथे असतात, तिथे तो बसत नाही.

शुभांगीताई पुढे सरकल्या. "हे बोटं सगळ्याच वाडग्यायवर राहतीन काय?"

दुभाषी बाईंनी विचारून सांगितलं, "सब पर. उँगलियाँ तो वही हैं."

"मंग साठ पाठवा म्हणा."

आजोबा हो म्हणाले नाहीत. अर्धवट वाडगा दाखवून ऑर्डर घेणार नाही, आधी तो पुरा करा, असा निरोप आला. सुनीलभैयांनी कपाळाला हात लावला.

चार दिवस मी बुडाचे ते फोटो बघून मॉडेल पुरं करत बसले. पाचव्या दिवशी आजोबांनी पुन्हा हेडसेट लावला. वाडगा पालथा केला. तिन्ही डागांवर एकेक बोट ठेवून बघितलं. मग दुभाषी बाई म्हणाल्या, "कह रहे हैं, भट्टी जलाएँगे."

मॉडेल आधी घडवणाऱ्याला दाखवावं, मग गिऱ्हाइकाला. दाखवणं पंधरा मिनिटांचं काम असतं.