रिकामी परात पाठवायची नसते

मिंधेपणा या शब्दाला आमच्या घरात सापापेक्षा जास्त भीत. वडील बीडच्या कोर्टात वकील होते. वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बग्गी येते. आमच्याकडे बग्गी नव्हती, एक शेरवानी होती. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी, जुम्म्याला असे; त्या दिवशी आई ती धुवायची, आणि शनिवारी सकाळपर्यंत वाळली नाही तर घरातल्या सगळ्यांना बोलणी बसायची. आम्ही ना धड श्रीमंत, ना धड गरीब. जमीन नाही, जनावरं नाहीत. होतं काय, तर थोडी अब्रू आणि दादाचं डोकं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बीडच्या शाळेत तो कायम पहिला. पुढे शिकायचं तर औरंगाबाद गाठायला हवं, आणि तिथे राहायचं कुठे, जेवायचं कुठे, यावर आमच्या घरात रोज खल चाले. बाबा स्वतः तिथे वार लावून शिकले होते. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. त्या दिवसांविषयी ते कधी बोलत नसत. एवढंच म्हणत, "माझं लेकरू कुणाच्या दारात जेवायला बसणार न्हाई." आमच्या घरची सगळी महत्त्वाकांक्षा ती एवढीच, आणि ती लई मोठी होती.

अशात तेलगावकडच्या एका बड्या जमीनदारांना लोकलफंडाच्या, म्हणजे रस्ते-विहिरींचा पैसा बघणाऱ्या, कमिटीवर जायची हौस आली. त्यांना सगळे मालक म्हणत. तेव्हा निवडणूक वगैरे भानगड नव्हती. अव्वल तालुकदार, म्हणजे आताचे कलेक्टर समजा, गावातल्या अब्रूदार माणसांना कचेरीत बोलावून त्यांचं मत विचारत आणि मग नाव वर कळवत. अब्रूदार म्हणजे आमच्यासारखेच: वकील, मास्तर, वैद्य, दोन-चार पेन्शनर. मग काय, मालक आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागले.

"वकीलसाहेब, लेकराची कावून काळजी करता? औरंगाबादला आपलं घर हाय, आचारी हाय. ऱ्हाऊ द्या की तिथं. तुमी फकस्त कचेरीत एक शब्द टाका."

बाबा म्हणाले, "बघू." या एका 'बघू'वर आमच्यासारख्या घरांनी पिढ्या काढल्या आहेत.

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, एवढा मोठा माणूस आपल्याकडे का येतो? बाबा हसले. "गरिबाला धाक पुरतो, माय, आन् साहेबाला नजराणा. आपल्याला नुसता मान दिला तरी भागतंय. त्यो लई स्वस्त पडतो." पुढे निजाम गेला, निवडणुका आल्या, पुढारी हात जोडून आमच्या दारात उभे राहू लागले. मला त्यात नवीन काही दिसलं नाही. आम्हाला आपली मुलं एक पायरी वर चढवायची असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मालकांच्या घरून मग जिन्नस येऊ लागले. आधी हुरड्याची टोपली आली. आईने ती शेंगांची चटणी घालून परत पाठवली. मग तुपाची चरवी आली, ती लिंबाच्या लोणच्याने भरून गेली. शेजाऱ्याकडून आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही तर आपल्याकडची रीतच. पण शेवटी गुळाच्या ढेपा घेऊन एक परात आली, ती एवढी मोठी की मी तिच्यात मांडी घालून बसले असते. आईने कपाळाला हात लावला. तरी ती हार मानणारी नव्हती. शेजारणींना बोलावून तिने दिवसभर करंज्या तळल्या, सणासाठी जपून ठेवलेलं तूप त्यात गेलं, आणि परात शिगोशीग भरून, वर स्वच्छ फडकं टाकून तिने मालकांच्या गड्याच्या डोक्यावर दिली. "आता फिटलं बघ सगळं देणं," असं म्हणून ती खांब धरून खाली बसली.

गडी सरळ घरी गेला असता तर प्रश्न नव्हता. त्याने कोपऱ्यावर फडकं काढलं आणि भर बाजारातून, जो भेटेल त्याला सांगत गेला, "वकीलसाहेबाच्या घरून! मालकाला!"

दोन दिवसांत गावाने ठरवून टाकलं की वकील मालकांच्या बाजूला गेले. मास्तर म्हणाले, वकीलसाहेब आहेत तर आम्हीही आहोत. वैद्यांनीही मान डोलावली. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कळलं ते तेलगावच्या मेंढपाळांकडून. मालकांनी तिथल्या गायरानात नांगर घातला होता, आणि मेंढपाळांचा दावा बाबांकडे होता. त्यांच्यातले एक म्हातारबा ओसरीवर आले, पण बसले नाहीत. "वकीलसाब, तुमीच तिकडं गेलात तर आमी कुनाकडं जावं?"

बाबा आत आले ते लालबुंद होऊन. "परातीत काय पाठिवलंस?"

"रिकामी पाठिवती का कुणी? मिंधं व्हायचं न्हाई म्हणून तर भरून पाठिवली!"

बाबांचीच शिकवण होती ती. मग आईचा आवाज खाली आला. "आवो, खोटं बोला म्हणत न्हाई मी. फकस्त गप बसा. लेकराच्या शिक्षणाचा सवाल हाय." दादा दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला औरंगाबादला जायचं होतं, फार जायचं होतं.

कचेरीच्या दिवशी बाबांनी शेरवानी चढवली आणि ते निघाले. तिथे ते उर्दूत जे बोलले ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. करंज्या माझ्या पत्नीने घरच्या रीतीप्रमाणे पाठवल्या, असं ते म्हणाले. ते माझं मत नव्हे. माझं मत असं, की गायरान नांगरणाऱ्याला कमिटीवर घेऊ नये.

लोक हसले. मालकही हसले, तालुकदारसाहेबही. जागा मालकांनाच मिळाली. गायरानाचा दावा बाबांनी नेटाने चालवला. निम्मं सुटलं, निम्मं गेलं. आई मात्र कितीतरी दिवस धुमसत होती. "माझ्या करंज्या कचेरीत नेल्या यांनी," असं ती येईल त्याला सांगायची. पण म्हातारबा ओसरीवर येऊन बसले, त्या दिवशी तिनेच त्यांना ताक दिलं.

मालकांचं औरंगाबादचं घर अर्थातच हातचं गेलं. खाणावळीचा खर्च आम्हाला झेपण्यासारखा नव्हता. बाबांनी आपल्या जुन्या ओळखी काढल्या, मान खाली घालून चार दारं फिरले, आणि दादाचे वार लावून आले. बाबांचा मला तेव्हा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता. आज इतक्या वर्षांनीही त्यातलं एकही कमी झालेलं नाही.

दादा पहिल्या सुट्टीला घरी आला. उंच झाला होता, वाळला होता. आईने त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं. तो खाली बघून भराभर जेवला. ताट स्वच्छ झालं, तसा हात आवरून बसला आणि हळूच म्हणाला, "आजून अर्धी भाकर घेऊ का?"

बाबा उठले, चुलीपाशी गेले, सगळी दुरडीच त्याच्यापुढे आणून ठेवली. "इथं विचारायचं न्हाई, बाळा. आपलं घर हाय."

"हो," दादा म्हणाला. त्याने अर्धीच भाकर मोडून घेतली. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "मीठ मिळंल का?"