झाकणाचा भाता

माझ्या चुलत्यांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, शिमग्याच्या आधीच्या बाजारादिवशी, वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर, पासलीकडची गाडी लागायच्या जरा आधी. लोहाराकडून बाणांची पाती सरळ करून घेऊन ते घरी परतत होते. कमरेला बाणांचा भाता होता, बांबूच्या नळीचा, त्यांच्या वडिलांनी केलेला. तोरणा बघायला आलेली चार पोरं गाडीतून उतरली. एकानं भाता हिसकला, दुसऱ्यानं मोबाईल धरला आणि ‘शिकारी सापडला’ असं ओरडत त्यांनी चुलत्यांना भिंतीला उभं केलं. कुठलं जनावर मारलं, कधी मारलं, कुणी पाहिलं, असा एकही प्रश्न नाही. भाता जमिनीवर आपटला, तो फुटला. बाण गोळा करायला चुलते खाली वाकले. व्हिडिओत तेवढंच दिसतं: एक म्हातारा माणूस वाकलाय आणि वर कुणीतरी हसतंय.

मी तिथं नव्हतो. एसटीच्या फेऱ्या वाढवा म्हणून नसरापुरात पत्रकं वाटत होतो. थांब्यावर मात्र बाजाराला आलेलं अर्धं गाव होतं आणि त्यातलं कुणी पुढं आलं नाही.

आता खरं काय ते सांगतो. आमच्या वाडीत शिमग्यानंतर पारध असते. पूर्वी खरी असायची, ससा नाहीतर रानडुक्कर. पुढं कायद्यानं शिकार बंद झाली आणि झाली ते बरंच झालं. या बाबतीत मी त्या चार पोरांच्याच बाजूचा आहे, त्यांना पटो न पटो. आता भाताच्या पेंढ्याचं डुक्कर करून माळावर करवंदीच्या जाळीमागं ठेवतात. आमच्या घरातला माणूस दबकत जातो आणि त्यावर पहिला बाण सोडतो. तो लागल्याशिवाय वाडीत कुणी राब भाजत नाही, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पेटवत नाही. कितीतरी वर्षं हा बाण चुलत्यांचा.

गेल्या वर्षी ते दाराबाहेर आले नाहीत. लोकांनी ऊन चढेपर्यंत वाट बघितली. मग कुणीतरी पेंढ्याच्या डुकराला धोंडा मारला आणि राब पेटवले. पीक आलं, काही बिघडलं नाही. बिघडलं ते आमच्या घरात. चुलते बाजाराला जायचे बंद झाले. सोयरिकीत जायचे बंद झाले. एसटीचा आवाज आला की गोठ्यात जाऊन बसायचे.

पाऊस सरला तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, “तात्या, यंदा पारधीला येणार का न्हाई?”

“भाता कुठाय माझ्याकडं?”

“आणतो.”

“आण. मग बघू.”

एवढ्यावर मी कामाला लागलो. मला स्वस्थ बसता येतच नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भात्याशिवाय काही नव्हतं.

पहिला भाता मोबाईलवरून मागवला. काळा, प्लास्टिकचा, पट्टा, बक्कल आणि आत एकेका बाणाला वेगळा कप्पा. फोटोत रुबाबदार होता. चुलत्यांनी एक बाण कप्प्यात घालून बघितला. आमचे बाण जाड, तो अर्ध्यातच अडकला. त्यांनी तो परत उपसला आणि म्हणाले, “ह्यात बाण ठेवायचं का पेनं?” चुलती चुलीपाशी हसली. ती लई दिवसांनी हसली, म्हणून मला त्या भात्याचा राग आला नाही.

मग त्यांनी सांगितलं कसा पाहिजे. पाठीवरचा नको, करवंदीच्या जाळीत वाकून जाताना अडकतो. कमरेला, तोंड जरा मागं कललेलं. पिसं बाहेर राहतील एवढाच खोल, म्हणजे न बघता हात पिसांवर पडतो. आणि वाजता कामा नये. चालताना भात्यात बाण खुळखुळले की जनावर गेलंच.

“तात्या, पेंढ्याच्या डुकराला कुठं ऐकू येतंय?”

“त्याला न्हाई येत. मला येतंय.”

मी भोरला गेलो. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून दुसरी गाडी. बाजारात सुपं-टोपल्या विणणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांना मी हातानं लांबी दाखवली.

“शाळेच्या गॅदरिंगला व्हय? राम कोण झालाय?”

“न्हाई मावशी, आमच्या वाडीच्या पारधीला.”

त्यांचा हात थांबला. माझ्याकडं खालवर बघून म्हणाल्या, “वेल्ह्याकडचा का तू? त्यो शिकारी धरला हुता, त्या गावचा?”

“तुमी कुठं बघितलं?”

“जावयानं पाठवलं हुतं. म्या बी पाठवलं भावाला.” त्यांनी मोबाईल काढला, व्हिडिओ शोधून समोर धरला. मी बघितला नाही. बाजारात उभा राहून मी त्यांना सगळं सांगितलं, पेंढ्याचं डुक्कर, राब, धोंडा, सगळं, आणि बहुतेक माझा आवाज चढला असणार, कारण शेजारचा कांदेवाला वजन करायचा थांबला. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आमाला काय म्हाईत बाबा. खाली तसं लिवलं हुतं.”

भाता मात्र त्यांनी झकास विणला. बारीक काड्यांचा, तळाला जाड, तोंडाशी गोल काठ. कुठंही कुसळ नाही. परतीच्या एसटीत मी तो मांडीवर उघडा धरून बसलो. कुणीतरी काही बोलावं, अशी वाट बघत होतो. कुणी बोललं नाही, सगळे मोबाईलमध्ये.

घरी चुलत्यांनी तो कमरेला बांधला, बाण घातले आणि अंगणात झोपलेल्या कुत्र्यामागून चालत गेले. भाता पारखायची आमच्या घरातली ही पद्धत. कुत्र्याचा कान हलला की भाता बाद. कान हलला. मग वरच्या पठारावर मेंढरं राखणाऱ्या घरातून लोकर आणली, तळाला आणि कडेनं दाबून बसवली. चुलते पुन्हा चालले, यावेळी अगदी माळावर चालतात तसे, गुडघ्यात वाकून. कुत्रं झोपून राहिलं. मला वाटलं, जमलं.

चुलत्यांनी भाता सोडून खुंटीला लावला. “चांगला हाय. पर ह्याला झाकण न्हाई.”

“भात्याला झाकण कशाला?”

ते गोठ्यात गेले आणि सांडपाण्याच्या पाइपचा एक राखाडी तुकडा घेऊन आले. दोन्ही तोंडांना बूच, मधे सुतळी. आधीच करून ठेवला होता. चुलती म्हणाली, “नळ जोडाय निघाल्यात जणू.” पण ती यावेळी हसली नाही. त्यांनी सगळे बाण आत घातले, बूच लावलं आणि चालून दाखवलं. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. कुत्रं उठून रस्त्यापर्यंत गेलं.

“बघा,” मी म्हणालो.

“कुत्रं उठंना का. लोहाराकडं बाण न्यायचं तर थांब्यावरचं माणूस उठाय नको.”

मी भांडलो. म्हणालो, तुमी काय चोरी केलीया का? लपवून नेलं तर लोकांना तेच वाटेल. आणि झाकण उघडायला दोन हात लागतात, मग कामठा धरायचा कुणी? कामठा म्हणजे आमचं बांबूचं धनुष्य.

“तू धर. पुढारी हायस न्हवं.”

“मी पत्रक काढतो तात्या. सगळं खरं लिहितो.”

“काढ. तुझं पत्रक वाचून लोक त्यात भजी बांधत्यात. त्यो व्हिडिओ आमच्या व्याह्यानं चार बाऱ्या बघितला.” ते खाली बसले, पाइप मांडीवर घेऊन. “झाकण असंल तर येतो. न्हाईतर मारू द्या धोंडा.”

शिमगा जवळ आलाय. मावशींनी विणलेला भाता खुंटीला आहे, पाइप दाराशी उभा आहे, आणि मी दिवसातून दहादा आत-बाहेर करतो. अठरा पत्रकं लिहून फाडली, हे एकोणिसावं. चुलत्यांचं काही चुकलेलं नाही, आणि माझ्या घरात बसून मला त्यांचं झाकण काढता येत नाही. ते तुम्ही काढू शकता.

तुमच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ असेल तर आत्ता शोधा आणि पुसा. ज्या गटात तो पुढं ढकललात, तिथं स्वतःच्या नावानं लिहा की या माणसानं कुठलंही जनावर मारलेलं नाही. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला फोन करून सांगा. आणि त्या दिवशी तुम्ही थांब्यावर उभे असाल, भिंतीला टेकून बघत असाल, तर शिमग्याच्या आधीच्या बाजाराला वेल्ह्यात या. माझे चुलते आले, तर त्यांच्या शेजारी उभे राहा, गाडी लागेपर्यंत.