तक्रारवाली मॅडम

"गुन नका सांगू. तक्रार सांगा."

मॅडम कोनाच्याही घरी गेली का पयले हेच म्हने. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात अशी मास्तरीन कोनी पाह्यली नव्हती. बाकीचे मास्तर मार्क पाहून हुशार पोट्टे निवडत. हे बाई घरोघर हिंडे, पोत्यावर फतकल मारून बसे, अन मायले लेकराचं गाऱ्हानं इचारे. मोठ्या शाळेच्या परीक्षेले कोनाले बसवाचं, ते तिले तिथं समजे.

"पाठ करनारं पोट्टं वर्गातच दिसते," ती म्हने. "डोकं चालनारं घरी तरास देते."

माह्या शेजारनीनं पोराची आरतीच ओवाळली. पाढे येते, अक्षर चांगलं, रोज देवाले हात जोडते. मॅडमनं चहा पेला अन उठली. शेजारीन फुगून बसली.

मंग माह्याकडं आली. घरात मी अन नात, दोघीच. नातीची माय मेली. बाप वीटभट्टीवर गेला, तो तिकडचाच झाला. माहे गुडघे गेले होते, म्हनून सातवी झाली का पोट्टीले माह्या भाजीच्या दुकानावर बसवाचं, हे म्या ठरवलं होतं. तुमीच सांगा, गुन सांगून मी कशाले फसू? पोटभर तक्रार केली. शाळेत झोपते, ते तुमाले माईतच हाय. घरी मले झोपू देत नाही. वांग्याले काटे कावून, भेंडीले लव कावून, इचारतच राह्यते. परवा त गिऱ्हाईक उभं असताना वजनाचा काटाच खोलून बसली.

मॅडम पुढं सरकली. "परत जोडला का?"

"जोडला ना. तेच त दुःख हाय. पयले माह्या बाजूनं झुके, आता खरं वजन सांगते. धंदा बुडवला पोट्टीनं."

मॅडम इतकी हासली का चहा सांडला. मंग म्हने, "हे पोट्टी मले पायजे."

नात परीक्षा पास झाली. अमरावतीच्या वसतिगृहात जाची पाळी आली. म्या इचारलं, माहं भाजीचं टोपलं कोन उचलन? मॅडम गोड बोलली नाही.

"तुमीच उचलसान, आजी. तुमाले जड जाईन. पन तिले इथं ठेवलं, त तिले जन्मभर जड जाईन."

म्या पोट्टीची पेटी भरली.

मंग गावातल्या बायाले चेवच आला. जिच्यातिच्या तोंडी तक्रार. शेजारीन भर चौकात म्हने, माह्या पोरानं मिक्सर खोलून जाळला. पोरगं बिचारं मागं उभं, त्यानं मिक्सरले कधी बोट लावलं नव्हतं. मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलं, मंग हिच्याकडं. "पोट्टं साधं हाय बाई. डोकं तुमचं चालते. तुमीच बसा परीक्षेले."

औंदा मॅडमची बदली झाली, धारणीकडं, जंगलातल्या शाळेवर. एसटी स्टँडजवळच माहं दुकान, तिथं भेटाले आली. म्या तिच्या पिशवीत वांगे टाकले, काट्यावर न ठेवता. गाडी लागली.

पायरीवरून वळली अन म्हने, "आजी, माही काही तक्रार?"

"हाय ना," म्या म्हनलं. "जाऊन राह्यल्या तुमी."

गाडी वळली. म्या टोपलं उचललं.