बबनरावांचा हात आणि अठरा फ्रेम्स

पडद्यावर बबनरावांचा हात लेथवर चालायला लागला आणि माझ्या शेजारी बसलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं.

सत्तरच्या दशकाचा शेवट. भोसरीच्या एका कंपनीसाठी मी नव्या कामगारांना दाखवायची ट्रेनिंग फिल्म केली होती. लेखन माझं, दिग्दर्शन माझं, कॉमेंट्रीही माझीच. त्याआधी सिनेमात खलनायकापासून सासऱ्यापर्यंत सगळं करून झालं होतं. आता तिकडून बोलावणी येईनात, म्हणून कारखाने. खरं सांगायचं तर थकलो होतो.

बबनराव दिघीचे, लेथवरचे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरचे, जुने ऑपरेटर. शूटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "आणखी जरा झपाट्याने," असं मीच दोनदा म्हटलं. तिसऱ्या टेकला त्यांचा हात असा चालला, की कॅमेरामनही बघत राहिला. पण ती दोन मिनिटं. आठ तास तसं कोणालाच जमत नाही.

"नेहमीच्या पाऊण वेळात जॉब झाला," मॅनेजर म्हणाले. "उद्यापासून सगळ्या लेथना हेच टार्गेट."

टार्गेट म्हणजे एका शिफ्टमध्ये किती नग काढायचे तो आकडा. एकदा वाढला की खाली येत नाही. दाराशी उभ्या बबनरावांचा चेहरा उतरला. हे सगळं माझ्यामुळे झालं होतं.

"साहेब, घड्याळ लावू नका," मी म्हणालो. "शॉट अठरा फ्रेम्सवर घेतलाय."

प्रोजेक्टर सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो. शूटिंगमध्ये अठराच घेतली, तर पडद्यावर माणूस भरभर हलतो. विनोदी सिनेमातली पळापळ अशीच घेत. इथे मी तसं काहीही केलं नव्हतं. अठरा म्हणजे चोवीसचे पाऊण, हिशेब मात्र नशिबाने जुळला.

"म्हणजे फसवलंत आम्हाला?"

"संथ दिसलं असतं, साहेब."

टार्गेट होतं तेवढंच राहिलं. माझ्याकडे यायच्या दोन फिल्म मात्र दुसऱ्याकडे गेल्या.

बाहेर बबनरावांनी मला गाठलं. त्यांचा सुपरवायझर बरोबरच होता.

"साहेब, म्हंजी त्यो माझा हात न्हवता व्हय? घरी सांगितलं व्हतं मी, कॅमेरावाला बी बघत ऱ्हायला म्हून."

सुपरवायझर ऐकत होता.

"नाही हो," मी म्हणालो. "कॅमेऱ्याची करामत होती ती."

ते परत आपल्या लेथकडे गेले. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत माझा अभिनय कोणाला एवढा खरा वाटला नव्हता. तेव्हापासून चांगलं काम करायच्या आधी मी कोण कोण बघतंय ते पाहून घेतो.